उगवतीची खूण

फोन आला तेव्हा मी बोंबील साफ करत होते. हात बरबटलेले, म्हणून सुनेनं, ऋतानं, फोन माझ्या कानाला लावून धरला. पलीकडे रघू होता, सुमनचा भाचा. "आजी, आत्या गेली," एवढंच म्हणाला. मी विचारलं, "कुठे गेली?" आता अठ्ठ्याहत्तरीच्या बाईला या वाक्याचा अर्थ विचारावा लागतो का... पण सुमनचं जाणं म्हणजे कायम एसटीनं जाणं. शहापूरला, जव्हारला, नाहीतर कुठल्या तरी कॉलेजात पोरांना झापायला. त्यामुळे तोंडातून तेच निघालं. ऋतानं फोन हळूच काढून घेतला आणि मी उरलेले बोंबील साफ करून संपवले, कारण ते तसेच टाकले असते तर सुमनच मला बोलली असती. जीव घेतलास तर निदान वाया घालवू नकोस, असं ती म्हणायची. ती झाडांबद्दल म्हणायची, मी ते माशांनाही लावून घेतलं होतं.

तिचं बिऱ्हाड परळला, भोईवाड्यात. हॉस्पिटल परळचंच आणि स्मशानही भोईवाड्यातलंच, त्यामुळे आयुष्यभर वणवण केलेल्या बाईचा शेवटचा प्रवास मात्र चालत जाण्याइतकाच निघाला. मी पोचले तेव्हा गावाकडची माणसं जीपमधून उतरत होती. शहापूरच्या वर, घाटाच्या पायथ्याला तिचं गाव. त्यांच्यातले एक म्हातारे, नात्यानं तिचे काका, रघूला विचारत होते की लाकडं किती सांगितलीस. रघू माझ्याकडे बघायला लागला. सुमननं त्याला आणि मला दोघांनाही बजावून ठेवलं होतं, पण काकांसमोर त्याची जीभ रेटेना. मग मीच पुढे झाले. म्हटलं, लाकूड नाही, गॅसवर द्यायचंय. काकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिच्या अंगावरचं पांघरूणच ओढलंय. "बाई, रानातली पोर हाये ती. तिला शेवटी लाकूडबी नाही द्यायचं?" आवाजात राग नव्हता, संकोच होता, आपली पोर शहरात जाऊन एवढी मोठी झाली आणि तिला चिता मिळाली नाही, हे गावात कोणत्या तोंडानं सांगायचं. मी त्यांना सुमनचे शब्द जसेच्या तसे ऐकवले. "वहिनी, माझ्यावर एक ढलपी जरी जाळलीस ना, तर भूत होऊन तुझ्या पलंगाखाली येऊन बसेन. आणि घोरेन." काका मिशीतल्या मिशीत हसले. "हां, ही तिचीच बोली," म्हणाले आणि बाजूला झाले.

अशी ती मेल्यावरही एक वाद जिंकून गेली. दुसरा एक वाद मात्र अर्धवट टाकून गेली, तो माझ्या गळ्यात. वाद एका खांबाचा होता, आमच्या बाहेरच्या खोलीतल्या. सुमन कोण होती हे सांगायचं तर त्या खांबापासूनच सुरुवात करायला हवी, आणि खांबापासून सुरुवात करायची म्हणजे आधी माझी अब्रू काढायला हवी. तर काढते.

आमची इमारत गिरगावात, ठाकुरद्वाराच्या मागच्या अंगाला. तीन मजले, सगळा सांगाडा सागवानी. भिंती नुसत्या आडोशाला, भार सगळा खांबांवर आणि तुळयांवर. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्यांचं मुंबईकर. आजेसासरे गोऱ्या साहेबाच्या कचेरीत कारकून, आणि आमचा तोरा असा की मुंबई जणू आम्हीच इंग्रजांना भाड्यानं दिली होती. मी दुसऱ्या मजल्यावरच्या या घरात सून म्हणून आले तेव्हा मला एकच ध्यास, घर मॉडर्न करायचं. बाहेरच्या खोलीच्या मधोमध तो खांब. सोफासेट नीट मांडता येत नाही, पाहुण्यांना एकमेकांची तोंडं दिसत नाहीत. खांब काढता येत नाही असं कळल्यावर मी नवऱ्याच्या मागे लागून त्याला चारी बाजूंनी सनमायका ठोकून घेतला. आणि सनमायका कसला, तर लाकडाचं डिझाइन असलेला. अस्सल सागावर सागाचं चित्र चिकटवलं आणि शेजारणींना चहाला बोलावून दाखवलं. त्याही धन्य. दोघींनी महिन्याभरात तसाच लावून घेतला.

त्यानंतर काही वर्षांनी, म्हणजे आजपासून चाळीसेक वर्षांमागे, इमारतीचा मागचा कोपरा खचला. मालक ढिम्म, म्हणून भाडेकरूंनी दुरुस्ती स्वतःच करायची ठरवली. आर्किटेक्ट बघायला येणार होता. मी दार उघडलं तर समोर सावळी, उंच, माझ्याहून थोडी लहान बाई. सुती साडी, पायात रबरी चपला. मी विचारलं, "साहेब कधी येणार आहेत?" "आलेत," ती म्हणाली आणि आत शिरली. सोफ्याकडे, पडद्यांकडे तिचं लक्षही गेलं नाही. थेट खांबापाशी गेली, बोटाच्या पेरानं दोनदा ठोकलं, कान लावला. "ह्याला कशात कोंडलंय?" मी कौतुकानं सांगितलं, सनमायका आहे, धुता येतो. तिनं खालचा एक कोपरा नखानं उचकटला. आतून दमट, कुबट वास आला आणि वाळवीची मातकट रेघ दिसली. तिनं माझ्याकडे फक्त बघितलं, मुलानं मांजराच्या पिल्लाला डब्यात ठेवून झाकण लावलेलं सापडावं, तसं.

मग मी चहा टाकला आणि तिचं गाव-घराणं विचारलं. आमच्यात तो पहिला प्रश्न. ती म्हणाली, सुमन माझं नाव, आम्ही महादेव कोळी. आणि मी, मुंबईची पिढीजात शहाणी, काय म्हणावं? "अय्या, मग चांगली पापलेटं मिळवून द्याल का हो?" माझ्या आयुष्यात कोळी म्हणजे टोपली आणि टोपलीत मासे. सुमन हसली नाही, रागावलीही नाही. "आमच्याकडे डोंगर आहे, वहिनी. मासे ओढ्यातले, बोटाएवढे. तुम्हाला पुरायचे नाहीत." मग खांबाकडे हनुवटी करून म्हणाली, "माझं गाव विचारलंत ना? हे काय, तुमच्या खोलीत उभं आहे. आमच्याच डोंगरातून आलं असणार. आधी बैलगाडीनं, मग आगगाडीनं आमचं रान इकडे उतरलं आणि तुमची मुंबई उभी राहिली. आणि माझ्या बापानं घराच्या छपराला एक लाकूड तोडलं, तर त्याला चोर म्हणून दिवसभर उन्हात बसवून ठेवलं." हे सगळं चहाची बशी ओठाला लावता लावता. त्या दिवशी माझा जो अपमान झाला तो मला इतका आवडला की मी तिला रात्री जेवायलाच ठेवून घेतलं. भरल्या पापलेटाचं कालवण होतं. तिनं दोनदा वाढून घेतलं.

बाकीचे सगळे सांगत होते की कोपरा गेला म्हणजे इमारत गेली, आज ना उद्या पाडायचीच. सुमनला हे वाक्यच मान्य नव्हतं. गॅलरीत सगळ्यांना जमवून ती म्हणाली, हे बांधणाऱ्यांनी घर नाही बांधलं, रान उभं केलंय. रानात एक झाड वठलं तर तुम्ही डोंगर सोडून जाता का? इथला प्रत्येक खांब वेगळा सुटतो. खिळा नाही, सिमेंट नाही. डोक्यावरची जीभ तुळईच्या खोबणीत बसवलेली आणि पाचर मारलेली. शेजारच्या तुळयांना टेकू द्या, पाचर काढा, म्हातारा खाली घ्या, तरणा उभा करा. जे सोडवता येत नाही ते आमच्यात घरच धरत नाहीत, ती म्हणायची. थडगं म्हणतात.

कोपऱ्याचा नवा खांब तिच्याच गावाहून आला, त्यांच्या मालकीच्या जमिनीवरचा साग, परवानग्या काढून. पण तो देताना तिच्या वडिलांनी, ज्यांना चोर म्हणून बसवलं होतं त्याच वडिलांनी, आम्हाला एक अट घातली. तिथली रीतच ती. ज्या घरात खांब जाईल, खुंट त्या घराचा. झाड पाडून न्यायचं आणि पाठ फिरवायची असं नाही. साग बुंध्याशी, जमिनीलगत, तिरका छाटतात, म्हणजे खुंटावर पाणी साठत नाही; पावसाळ्यात त्यातून धुमारे फुटतात. त्यातला एक धट्टाकट्टा ठेवायचा, बाकीचे काढायचे. दरवर्षी गवत वाळलं की खुंटाभोवतीचा पाचोळा लांबवर झाडून काढायचा, वणवा लागला तर आग तिथवर पोचू नये म्हणून. गुरं लागू द्यायची नाहीत. हे किती वर्षं? तर धुमाऱ्याचा पुन्हा खांब होईपर्यंत. मी विचारलं, आणि आम्ही तोवर मेलो तर? म्हातारे म्हणाले, घर मरतं व्हय?

तर असे आम्ही गिरगावातले भाडेकरू दिवाळीनंतर एका खुंटाची राखण करायला जायला लागलो. पहिल्या वर्षी मी उंच टाचांच्या सँडल घालून गेले होते आणि नायलॉनची साडी नेसून. करवंदीच्या जाळीनं साडीचा निम्मा पदर ठेवून घेतला आणि सँडल ओढ्यानं घेतली. परत येताना मी सुमनच्या भावाच्या चपला घालून गिरगावात उतरले. आमचे हे मात्र रंगले. बँकेत मान खाली घालून बसणारा माणूस तिथे हातात खराटा घेऊन राजासारखा हिंडायचा. सगळी मुलं यायची. वरच्या मजल्यावरचा विनय तर पाचोळ्यात लोळून घरी यायलाच तयार नसायचा. हळूहळू मुलं मोठी झाली, परीक्षा आल्या, सुट्ट्या संपल्या. शेवटी शेवटी मी आणि सुमन दोघीच जायचो. दोन म्हाताऱ्या एका झाडाखाली झाडलोट करताना बघून तिथली पोरं हसायची. हसोत.

तिच्या गावाची दुसरी एक रीत आहे आणि ती सांगताना मला पुन्हा स्वतःचा कान धरायला लागणार. खांब घरात उभा करताना बुंधा खाली, शेंडा वर, आणि रानात जी बाजू उगवतीला होती तीच घरातही उगवतीकडे. म्हणून झाड पाडण्याआधी उगवतीच्या अंगाला गेरूची खूण करतात. का, असं विचारलं की सुमन माणूस बघून उत्तर द्यायची. कॉलेजातल्या पोरांना सांगायची, दोन्ही अंगांची वाढ सारखी नसते, ऊन खाल्लेली बाजू फिरली तर लाकूड पिळवटतं. मला सांगायची, झाडाला कळताच कामा नये की आपल्याला हलवलंय. तर तो कोपऱ्याचा खांब गॅलरीत येऊन पडला त्याच आठवड्यात माझ्या नणंदेचं केळवण होतं. पाहुण्यांच्या वाटेत तो लाल बरबटलेला ओंडका मला बघवेना. मी पॉलिशवाल्याला बोलावून तो घासून चकचकीत करून घेतला. दुसऱ्या दिवशी सुमन आली, खांबाभोवती एक फेरी मारली. "छान दिसतोय," म्हणाली, "फक्त आंधळा झालाय." तो खांब आजही अंदाजानं उभा आहे. पावसाळ्यात कुरकुरतो. तो कुरकुरला की सुमन माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, शोधतोय बघ उगवत.

लोक आता तिच्याबद्दल लिहिताना शांत, साधी, ऋषितुल्य असलं काहीबाही लिहितात. ऋषितुल्य कसली, तिखट मिरची होती. एकदा दादरचे एक बडे गृहस्थ तिच्याकडे आले होते; त्यांना कर्जतला फार्महाऊस हवं होतं, अगदी आदिवासी पद्धतीचं, लाकडी खांब, कारवीच्या भिंती, वर चित्रं. मी तेव्हा तिच्या भोईवाड्याच्या खोलीत लसूण सोलत बसले होते. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं, कागदावर चार रेघाही मारल्या. मग विचारलं, "खुंट कोण राखणार?" त्यांना कळेना. तिनं समजावून सांगितलं, तुमचा खांब जिथून तोडाल तिथे दरवर्षी जावं लागेल. ते हसून म्हणाले, त्याला काय, माळी ठेवू. सुमननं कागदाची घडी केली आणि म्हणाली, "मग माळ्यालाच राहू दे त्या घरात. घर त्याचंच झालं." गृहस्थ गेल्यावर मी तिला म्हटलं, अगं एवढं मोठं काम. ती म्हणाली, "आमचं घर ह्यांना पाहिजे, आमची झाडलोट नको. खांबावर खांबाचं चित्र लावणारे लोक हे." आणि माझ्याकडे बघून पुढे, "तू निदान सनमायका काढलास तरी."

काढला होता, पण उशिरा. आतून जे व्हायचं ते झालं होतं. मधला खांब वरून धडधाकट, पायाशी भुगा. गेल्या काही वर्षांत तो दबायला लागला, वरच्या तुळईला बाक आला. आणि त्याच सुमारास रानातला तो धुमारा, ज्याच्या भोवतीचा पाचोळा काढता काढता माझे केस पांढरे झाले, तो कवेत मावेल न मावेल असा साग होऊन उभा होता. सुमन म्हणाली, बघ, तुझ्या खांबाचा वारस तयार आहे. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात तो पाडला. रघूनं परवानगीसाठी चकरा मारल्या. सुमनला दम लागत होता, तरी चढून आली. आदल्या संध्याकाळी तिनं बुंध्याशी तांदूळ ठेवले, घरटं नाही ना ते फांदीफांदीत बघायला लावलं, आणि झाडाला सांगितलं की गिरगावात एका भोचक बाईच्या दिवाणखान्यात तुला उभं राहायचंय, सांभाळून घे. वद्य पक्षच होता. शुद्ध पक्षात तोडलेल्या लाकडाला भुंगा लागतो म्हणतात. सकाळी खुणेची वेळ आली. गेरूचा पट्टा ओढायचा असतो. तिनं अख्खा हात गेरूत बुडवला आणि उगवतीच्या अंगाला, साल तासलेल्या खोडावर पंजा उठवला. म्हणाली, "पट्टा तू पुसतेस. पंजा पुसायला हात धजणार नाही तुझा."

लाकूड वर्षभर रघूच्या पडवीत सावलीत आडवं पडून वाळत होतं. तेवढ्यात आमच्याकडे टॉवरचं वारं शिरलं. तोच विनय, पाचोळ्यात लोळणारा, आता इमारतीच्या कमिटीचा सेक्रेटरी. गॅलरीत मीटिंग झाली, सुमनही आली होती. विनयचं म्हणणं सरळ होतं. नव्या खांबाला त्याचा विरोध नव्हता, पण खांब बदलला की इमारत अजून वीस वर्षं उभी राहणार आणि टॉवर वीस वर्षं लांबणार. नाही बदलला तर एका पावसाळ्यात धोकादायक म्हणून नोटीस येईल आणि सगळ्यांची सुटका होईल. "काकू, माझी आई तीन मजले उतरत नाही आता. चार वर्षं झाली तिनं रस्ता बघितला नाही," तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. मी चवताळून बोलायला उठले होते, सुमननं मला दंडाला धरून खाली बसवलं. त्याला म्हणाली, "लिफ्ट माग. त्यासाठी भांड, मी तुझ्या बाजूनं भांडते. पण खांब कुजवून मागू नकोस. एक झाड आतून पोखरायचं आणि मग सगळं रानच किडलंय म्हणून साफ करायचं, हे ठेकेदारांचं काम आहे, विनू. तू खुंट राखलेला मुलगा आहेस." विनयनं मान फिरवली. मीटिंग तशीच उठली.

त्यानंतर तिला हॉस्पिटलात ठेवलं. शेवटची भेटले तेव्हा नाकाला नळी, तरी मला विचारते, "तुमच्या खोलीत उगवत कुठे?" मी म्हटलं, चौपाटीच्या उलट्या अंगाला, रस्त्यावरच्या खिडकीकडे. "विसरू नकोस. बाकीचं शलाका करेल." शलाका तिची विद्यार्थिनी, आता स्वतः इंजिनिअर. मी तिला म्हटलं, तू आहेस ना, तूच कर. त्यावर तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "दमले गं. जरा टेकू दे." मी खुर्ची जवळ ओढून तिचा हात धरून तशीच बसून राहिले... तिचा हात केवढा जड लागत होता.

दिवसकार्य व्हायच्या आधीच विनय भेटायला आला. खरोखरच वाईट वाटत होतं त्याला. पण जाताना दारात थांबून म्हणाला, "काकू, आता बाई नाहीत. तो विषय आपण संपवू या." मी त्याला म्हटलं, बाळा, ज्यांची बाई गेली ते सुतकात आहेत, आणि सुतक फिटलं की टेम्पो सांगणार आहेत. तो म्हणाला, कमिटी परवानगी देणार नाही. मी म्हटलं, खांब माझ्या खोलीत, दुरुस्तीच्या कागदावर शलाकाची सही माझ्या हातात, आणि मी माझी खुर्ची त्या खांबाला टेकून बसणार आहे. कमिटीला मला उचलून न्यायचं असेल तर आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी कर. ऋता मागे उभी राहून तोंडाला पदर लावत होती, म्हणजे ओढणी. ती हसत होती की रडत होती, मी विचारलं नाही.

टेम्पो सकाळी आला. रघू आणि काका दोघंही आले होते. गॅसवर रुसलेले काका खांबावर हात ठेवून, लेकीची पाठवणी करावी तसे बसले होते. जिन्यातून एवढा लांब खांब वळणार नव्हता, म्हणून गॅलरीला कप्पी बांधली आणि दोरानं बाहेरून वर घ्यायचं ठरलं. खाली गल्लीत गर्दी, वर शलाका आणि सुतार. सुतार चांगले, पण बाहेरचे. दोर बांधला, खेचला, खांब उभा लोंबकळत पहिल्या मजल्याच्या वर आला. विनय वरच्या गॅलरीत हाताची घडी घालून उभा होता. मी खिडकीत, माझं लक्ष फक्त पंजाकडे, तो भिंतीला घासू नये म्हणून. आणि एकदम वरून आवाज आला, "थांबा! बुंधा वर चाललाय. खाली घ्या, उलटा बांधा." सुतार म्हणाले, साहेब, आत नेऊन फिरवू. "आत फिरायला जागा नाही. उलटाच उभा राहील तो," असं म्हणत विनय जिन्यानं खाली धावला, गल्लीत उतरला, खांब खाली घ्यायला लावला, स्वतः गाठ सोडली आणि शेंड्याकडून बांधली. लहानपणी ज्याच्या पाचोळ्यात लोळला ते झाड त्याला बुंध्या-शेंड्यासकट पाठ होतं. मग दोर त्याच्या हातातून सुटलाच नाही. खांब आत आला तेव्हा घामानं निथळत माझ्या दारात उभा राहून म्हणाला, "काकू, टॉवर मला पाहिजेच आहे. मी सोडणार नाही. पण उलटा खांब बघवत नाही." मी म्हटलं, भांड की. मीही भांडेन. आधी पन्हं घे.

टेकू लावले, म्हातारा खांब उतरवला. त्याचा पायाकडचा भुगा झाडून उरलेलं धड लाकूड काका घेऊन गेले. एका घरातून निघालेलं लाकूड दुसऱ्या घरात जातं, त्याचा त्यांच्या पडवीला उंबरा होईल. नवा खांब उभा राहिला, पाचर बसली, टेकू सैल केले आणि तुळई त्याच्यावर हलकेच टेकली. एवढासा आवाज झाला. दमलेल्या बाईनं बसताना काढावा तेवढा.

ऋतानं न सांगता पॉलिशवाल्याला बोलावलं होतं. तरुण माणूस, खांबाभोवती फिरला, पंजापाशी थांबला. "आजी, हा डाग लगेच निघेल. पॉलिश पेपर मारतो." मी सांगितलं, तिन्ही बाजूंना मार हवं तर, ह्या बाजूला हात लावायचा नाही. त्यानं विचारलं, का, काय आहे ते? मी म्हटलं, उगवत आहे.

त्याला काही कळलं नाही. नाही कळलं तरी चालेल, पुसलं नाही म्हणजे झालं. सकाळी समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून ऊन येतं ते आधी त्या पंजावर पडतं. मी चहाचा कप घेऊन तिथे जाते आणि माझा हात त्यावर ठेवून बघते. तिची बोटं माझ्याहून लांब, पुरत नाहीत. पलंगाखाली अजून कोणी घोरत नाही. रघूनं मोबाइलवर फोटो पाठवलाय, तोडलेल्या खुंटाला दोन धुमारे फुटलेत, मांडीएवढे उंच. एक ठेवायचा, एक काढायचा, आणि भोवतीचा पाचोळा झाडायचा. विनयला विचारलंय, आईला जीपमध्ये बसवून आणतोस का म्हणून. तीन मजले पोरं खुर्चीत उतरवतील. अजून हो म्हणाला नाही. दिवाळीनंतर जायचंय. माझे गुडघे आत्तापासून नको म्हणतायत, पण त्यांना विचारलंय कोणी.